सरकारचे अपील आणि तारणाची सूट : एका दिवाणी नियमाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

दिवाणी दाव्यात हरलेल्या पक्षकाराने वरिष्ठ न्यायालयात अपील केले, तरी तेवढ्याने खालच्या न्यायालयाच्या हुकूमनाम्याची बजावणी थांबत नाही. ती थांबवावयाची तर स्थगितीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्या अर्जाबरोबर तारण किंवा जामीन देण्याची सिद्धता दाखवावी लागते. यामागील विचार सरळ आहे. हुकूमनामा मिळविणारा पक्षकार हा तूर्त न्यायालयाने खरा ठरविलेला पक्षकार होय. त्याने थांबावे अशी अपेक्षा असेल, तर थांबल्यामुळे त्याच्या पदरी शून्य येणार नाही याची हमी दुसऱ्या पक्षाने दिली पाहिजे. भारतातील दिवाणी प्रक्रिया संहितेने मात्र या सामान्य नियमातून एका पक्षकारास वगळले आहे. तो पक्षकार म्हणजे सरकार. संहितेच्या आदेश २७ मधील नियम ८-क असे सांगतो की, आदेश ४१ च्या नियम ५ व ६ मध्ये उल्लेखिलेले तारण सरकारकडून मागण्यात येणार नाही. सरकारी अधिकाऱ्यावर त्याच्या अधिकारपदाच्या नात्याने केलेल्या कृत्याबद्दल दावा झाला असेल आणि सरकारने त्या दाव्याचा बचाव आपल्याकडे घेतला असेल, तर त्या अधिकाऱ्याकडूनही ते मागण्यात येणार नाही.

हा नियम अवघ्या एका वाक्याचा आहे. विधिमंडळांतून त्यावर वादळे उठली नाहीत आणि पाठ्यपुस्तकांतून त्याला सहसा एका परिच्छेदापलीकडे जागा मिळत नाही. तथापि धरणासाठी जमीन गेलेला शेतकरी, बिलाची रक्कम थकलेला कंत्राटदार किंवा निवृत्तीनंतर वेतनाच्या फरकासाठी भांडणारा कर्मचारी यांच्या दृष्टीने खटला जिंकणे आणि पैसे हाती पडणे यांमध्ये जे अंतर असते, त्याची लांबी ठरविण्यात या एका वाक्याचा वाटा मोठा आहे. यास्तव ही सूट कोठून आली, कोणत्या कारणांवर ती उभी राहिली, आणि ती कारणे प्रजासत्ताकात कितपत टिकतात, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

२. जामीन, तारण आणि प्रतिभू

नियमाच्या इतिहासाकडे वळण्यापूर्वी त्यातील मुख्य शब्दाचा विचार करणे अगत्याचे आहे. इंग्रजी कायद्यात ‘सेक्युरिटी’ हा एकच शब्द ज्या अर्थांना कवेत घेतो, त्यांसाठी मराठीत निदान दोन शब्द परंपरेने चालत आले आहेत. ‘जामीन’ हा मूळचा अरबी शब्द फार्सीच्या द्वारे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ हमी घेणारा मनुष्य असा आहे. आजही आपण एखाद्यास ‘जामीन राहतो’ असे म्हणतो, तेव्हा तो व्यक्तिवाचक अर्थच जागा असतो. ‘जामीन मिळाला’ या प्रयोगात मात्र व्यक्तीचा लोप होऊन केवळ मोकळीक उरली आहे. ‘तारण’ हा शब्द याउलट वस्तुवाचक आहे. घर, जमीन, दागिना, रोखा अशी जी वस्तू अडकवून ठेवावयाची ती तारण. थोडक्यात, जामीन हा माणूस असतो आणि तारण ही वस्तू असते. अलीकडच्या कायदेविषयक मराठीतील ‘प्रतिभूती’ हा शब्द या दोहोंना एकत्र आणतो. तो ‘प्रतिभू’ या धर्मशास्त्रीय संज्ञेवरून घेतलेला आहे आणि तिचा अर्थही जामीन राहणारा मनुष्य असाच आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात प्रतिभूचे तीन प्रकार मानले आहेत. ऋणकोला हजर करण्याची हमी घेणारा, त्याच्या विश्वासूपणाची हमी घेणारा, आणि त्याने न दिल्यास स्वतः देण्याची हमी घेणारा. त्याच ठिकाणी, निर्णयाची पूर्तता करण्यास समर्थ असा प्रतिभू वादी व प्रतिवादी या उभयतांकडून घ्यावा असाही दंडक सांगितला आहे. म्हणजे हमी ही हरणाऱ्यावर लादलेली शिक्षा नसून व्यवहारात उतरणाऱ्या प्रत्येकाने पाळावयाची पूर्वअट होती. याच अध्यायाच्या शेवटी अपिलाच्या कल्पनेशी निकटचे नाते सांगणारा एक नियम येतो. न्यायाने हरलेला असूनही जो स्वतःस न हरलेला समजतो आणि पुन्हा वाद उपस्थित करतो, तो पुन्हा हरल्यास त्याच्याकडून दुप्पट दंड वसूल करावा, असा तो नियम आहे. पुन्हा विचार व्हावा ही वाट येथे बंद केलेली नाही, परंतु त्या वाटेने जाणाऱ्याने काही पणाला लावावे अशी अपेक्षा आहे. आधुनिक तारणाचा हेतू आणि या दंडाचा हेतू एकच नाहीत. तारण हे जिंकणाऱ्याच्या रक्षणासाठी असते, तर दंड हा हरणाऱ्याच्या शिस्तीसाठी असतो. तरीही फुकटचा विलंब कोणासही मिळू नये, हे सूत्र दोहोंत समान आहे.

मराठेशाहीतील न्यायपद्धतीची कागदपत्रे पाहिली असता हेच सूत्र वेगळ्या पोशाखात दिसते. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांचा या विषयावरील प्रबंध १९५३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातर्फे प्रसिद्ध झाला. त्यात गोतसभा, मजालसी आणि हुजूर यांच्यापुढील वादांची रीत तपशिलाने मांडलेली आहे. वादी-प्रतिवादींकडून आधी राजीनामा, म्हणजे निवाडा मान्य करण्याची लेखी कबुली घेतली जाई, आणि त्यास जोडून जामीनकतबा घेतला जाई. निकालानंतर हरलेला येजितखत लिहून देई. जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी ही सरकारात जमा होई. या सर्व व्यवहारात सरकार हे जामीन घेणारे आणि शुल्क वसूल करणारे होते. आपल्याच प्रजाजनापुढे वादी किंवा प्रतिवादी म्हणून उभे राहून हरण्याची शक्यता पत्करणारे सरकार ही कल्पना या पद्धतीच्या चौकटीत बसणारी नव्हती. सबब ‘सरकारने जामीन द्यावा काय’ हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. तो उद्भवण्यासाठी आधी सरकार हे दाव्यातील पक्षकार व्हावे लागले.

३. सरकार पक्षकार होते

हे स्थित्यंतर कंपनीच्या अमलात घडले. ईस्ट इंडिया कंपनी ही एकाच वेळी व्यापारी मंडळी आणि राज्यकर्ती अशा दोन्ही रूपांत वावरत होती. व्यापारी म्हणून तिच्यावर दावा होऊ शकत असे. १८५८ साली कंपनीचा कारभार इंग्लंडच्या राणीकडे गेला. त्या वेळच्या कायद्याच्या ६५ व्या कलमाने असे ठरविले की, कंपनीविरुद्ध जे उपाय उपलब्ध होते तेच उपाय सेक्रेटरी ऑफ स्टेट फॉर इंडिया इन कौन्सिल यांच्याविरुद्ध उपलब्ध राहतील. खुद्द इंग्लंडात राजाविरुद्ध सामान्य दावा चालत नसे, तेथे हक्काचा विनंतीअर्ज करावा लागे. भारतात मात्र कंपनीच्या व्यापारी वारशामुळे सरकारविरुद्ध दाव्याची वाट अधिक मोकळी राहिली, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग होय.

१८६१ सालचा पेनिन्सुलर अँड ओरिएंटल स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा खटला या वाटेवरील पहिला मैलाचा दगड समजला जातो. कलकत्त्याच्या खिदिरपूर येथील सरकारी गोदीतील कामगार लोखंडाचा एक जड भाग रस्त्याने वाहून नेत होते. त्यांच्या हयगयीमुळे कंपनीच्या गाडीचा घोडा बुजला आणि जखमी झाला. नुकसानीची रक्कम ३५० रुपये होती. सर बार्न्स पीकॉक यांनी सरकार या नुकसानीस जबाबदार आहे असा निर्णय दिला. त्याचबरोबर सार्वभौम सत्तेची कृत्ये आणि खाजगी इसमालाही करता येतील अशी कृत्ये यांत त्यांनी भेद केला. पुढील शंभर वर्षे भारतातील शासनदायित्वाचा विचार या भेदाभोवती फिरत राहिला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्या खटल्याचे महत्त्व एवढेच की, साडेतीनशे रुपयांसाठी का होईना, सरकार हे हरू शकणारे पक्षकार आहे ही गोष्ट त्यामुळे प्रस्थापित झाली.

हरू शकणारा पक्षकार अपीलही करणार, आणि अपील करणारा स्थगितीही मागणार. येथे तारणाचा प्रश्न अपरिहार्य झाला.

४. कलम ५४७ पासून नियम ८-क पर्यंत

भारतातील दिवाणी प्रक्रियेची पहिली अखिल स्वरूपाची संहिता १८५९ ची होय. तिच्यानंतर १८७७ आणि १८८२ च्या संहिता आल्या आणि शेवटी १९०८ ची, आजही चालू असलेली, संहिता आली. १८८२ च्या संहितेत कलम ५४५ स्थगितीविषयी आणि कलम ५४६ अपील चालू असताना होणाऱ्या बजावणीविषयी होते. लगेच पुढील कलम ५४७ ने या दोन कलमांतील तारण सरकारकडून मागू नये असे सांगितले. १९०८ साली संहितेची मांडणी बदलली. मूलतत्त्वे कलमांत आणि कार्यपद्धती आदेश व नियमांत अशी विभागणी झाली. तेव्हा हीच तरतूद आदेश ४१ चा नियम ७ म्हणून अवतरली. तिचे स्थान अपिलाच्या प्रकरणातच होते.

१९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्टनंतर प्रांतिक सरकारांना स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व आले. त्यास अनुसरून १९३७ साली जुन्या कायद्यांच्या अनुकूलनाचा आदेश निघाला. या आदेशाने आदेश ४१ चा नियम ७ रद्द केला आणि त्यातील आशय आदेश २७ मध्ये नियम ८-क म्हणून घातला. आदेश २७ हा सरकारने किंवा सरकारविरुद्ध करावयाच्या दाव्यांविषयीचा आहे. वरकरणी ही केवळ जागेची अदलाबदल दिसते. परंतु जागा बदलल्याने तरतुदीचा चेहराही बदलला. अपिलाच्या प्रकरणात असताना ती तारणाच्या सामान्य नियमाला जोडलेला एक अपवाद होती. सरकारविषयक प्रकरणात गेल्यावर ती सरकारच्या विशेष स्थानाचे एक लक्षण म्हणून वाचली जाऊ लागली. १९५० नंतरही सरकारच्या नावापुरते फेरफार होऊन नियम कायम राहिला.

नियमाची व्याप्ती मात्र समजली जाते त्याहून बरीच अरुंद आहे. आदेश ४१ च्या नियम ५ अन्वये स्थगिती देण्यापूर्वी न्यायालयाने तीन गोष्टींची खात्री करून घ्यावयाची असते. स्थगिती न दिल्यास अर्जदाराचे भरीव नुकसान होईल, अर्ज अवाजवी विलंबाविना केलेला आहे, आणि हुकूमनाम्याच्या पूर्ततेसाठी अर्जदाराने तारण दिलेले आहे. नियम ८-क यांपैकी फक्त तिसरी अट सरकारपुरती काढून टाकतो. पहिल्या दोन अटी जशाच्या तशा उभ्या राहतात. सरकारने अपील केले की स्थगिती मिळालीच पाहिजे, असे हा नियम कोठेही म्हणत नाही. कित्येक वर्षांच्या सवयीने ‘तारण नको’ याचा अर्थ ‘स्थगिती हक्काची’ असा घेतला गेला असेल, तर तो नियमाच्या शब्दांचा दोष नव्हे.

दुसरी गोष्ट क्वचितच लक्षात घेतली जाते. आदेश ४१ चा नियम ६ हा हरलेल्याविषयी नसून जिंकलेल्याविषयी आहे. अपील चालू असताना जिंकलेल्या पक्षाने बजावणी करून घेतली आणि नंतर अपिलात निकाल फिरला, तर मिळालेली मालमत्ता परत करता यावी म्हणून त्याच्याकडून तारण घेण्याची तरतूद त्यात आहे. नियम ८-क ने या नियमाचाही उल्लेख केला असल्याने सरकार हरलेले असो वा जिंकलेले असो, दोन्ही बाजूंनी ते तारणमुक्त राहते. याउलट, आदेश ४१ च्या नियम १० मधील खर्चाच्या तारणाचा उल्लेख नियम ८-क मध्ये नाही. नगरपालिका, महामंडळे, मंडळे यांचाही त्यात उल्लेख नाही. या संस्था शासनाच्या छायेत वावरत असल्या तरी या नियमापुरत्या त्या ‘सरकार’ नव्हेत.

५. सुटीची कारणे

ही सूट कोणत्या आधारावर दिली गेली? तीन कारणे संभवतात. पहिले कारण प्रतिष्ठेचे. राजाने आपल्याच न्यायालयात आपल्याच प्रजाजनासाठी जामीन द्यावा, हे राजपदास शोभणारे नाही. दुसरे कारण सार्वजनिक सोयीचे. सरकारचे दावे संख्येने प्रचंड असतात, आणि प्रत्येक अपिलात रक्कम अडकून पडली तर कारभारास खीळ बसेल. तिसरे आणि सर्वांत सबळ कारण पतीचे. तारण घ्यावयाचे ते ऋणको दिवाळखोर होईल, मालमत्ता लपवील किंवा देश सोडून जाईल या भीतीने. सरकारच्या बाबतीत ही भीती संभवत नाही. खजिना कोठे पळून जात नाही. शिवाय व्यक्तिवाचक अर्थाने पाहिले तर सरकारला जामीन राहणार तरी कोण? सरकारहून अधिक पत असलेला माणूस राज्यात मिळणे कठीण.

हा युक्तिवाद केवळ भारतीय नाही. अमेरिकेच्या संघराज्यीय दिवाणी प्रक्रियेचे नियम १९३८ साली अंमलात आले. त्यांतील ६२ व्या नियमाने खाजगी अपीलकर्त्यास बंधपत्र देऊन स्थगिती मिळविण्याची सोय केली आणि त्याच नियमात अमेरिकेचे सरकार, त्याचे अधिकारी व खाती यांना बंधपत्रातून मोकळे ठेवले. इंग्लंडात १९४७ च्या क्राउन प्रोसीडिंग्ज ॲक्टने राजसत्तेवर दावा करण्याची वाट मोकळी केली. परंतु निकालाच्या पैशासाठी तिच्यावर बजावणी करू दिली नाही. न्यायालयाच्या दाखल्यावर संबंधित खात्याने रक्कम द्यावी, एवढेच ठरविले. भिन्न देशांत भिन्न मार्गांनी, परंतु सर्वत्र गृहीत एकच आहे की सरकार बुडत नाही.

भारतीय संविधानाने तर या गृहीतास लेखी आधार दिला आहे. अनुच्छेद ११२ व २०२ यांनुसार न्यायालयाच्या किंवा लवादाच्या निर्णयाच्या पूर्ततेसाठी लागणारी रक्कम ही संचित निधीवर भारित खर्च आहे. म्हणजे ती देण्यासाठी सभागृहाच्या मतदानावर अवलंबून राहावे लागत नाही. असे म्हणता येईल की, १९५० नंतर सरकारला जामीन कोण, या प्रश्नाचे उत्तर मिळाले. संविधानच त्यास जामीन राहिले आहे.

परंतु येथेच युक्तिवादाची मर्यादाही स्पष्ट होते. रक्कम मिळेल की नाही, या शंकेचे निरसन पतीने होते. रक्कम केव्हा मिळेल, याचे होत नाही. तारणाची कल्पना बुडीत जाण्याच्या भयातून निघाली हे खरे, पण व्यवहारात तिने आणखी एक काम केले आहे. तारण किंवा रोख भरणा द्यावा लागत असल्याने हरलेला पक्षकार अपील करण्यापूर्वी दोनदा विचार करतो. ज्यास काहीच अडकवावे लागत नाही, त्यास विचार करण्याचे कारण उरत नाही. संहितेच्या कलम ८२ ने सरकारविरुद्धच्या हुकूमनाम्याची बजावणी पूर्ततेच्या मुदतीविना होऊ नये असे ठरविले आहे, आणि कलम ८० ने दाव्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस आवश्यक केली आहे. या दोन सवलतींच्या जोडीला तारणाची सूट ठेवून पाहिली म्हणजे, आरंभी, अपिलात आणि बजावणीत अशा तिन्ही टप्प्यांवर काळ हा सरकारच्या बाजूस राहतो असे दिसते.

भूसंपादनाच्या प्रकरणांत या काळाचे मोल विशेष कळते. कोयना, जायकवाडी, उजनी यांसारख्या प्रकल्पांसाठी जमिनी घेण्यात आल्या, तेव्हा १८९४ चा भूसंपादन कायदा लागू होता. अधिकाऱ्याने ठरविलेली भरपाई अपुरी वाटल्यास दिवाणी न्यायालयाकडे निर्देश मागता येई आणि न्यायालयाने भरपाई वाढविल्यास सरकारला कलम ५४ अन्वये अपील करता येई. जमीन आधीच पाण्याखाली गेलेली, वाढीव रक्कम न्यायालयाने मंजूर केलेली, आणि ती अपिलात अडकलेली, अशा स्थितीत शेतकऱ्यास सरकारची पत उत्तम आहे हे सांगून समाधान व्हावयाचे नाही. १९८४ च्या दुरुस्तीने वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि त्यानंतर १५ टक्के व्याज ठरविले. तारणाने जे काम करावयाचे, ते अंशतः व्याजावर सोपविले गेले. तथापि व्याज हे विलंबाची किंमत असते, विलंबावरील उपाय नव्हे. आणि ती किंमतही शेवटी करदात्यासच मोजावी लागते.

६. १९७६ ची दुरुस्ती आणि ‘असे’ या शब्दाचा वाद

१९७६ च्या दुरुस्तीने, १ फेब्रुवारी १९७७ पासून, आदेश ४१ मध्ये दोन नवे पोटनियम आले. नियम १ च्या पोटनियम ३ अन्वये पैशाच्या हुकूमनाम्याविरुद्ध अपील करणाऱ्याने विवाद्य रक्कम न्यायालयात भरावी किंवा न्यायालय ठरवील तसे तारण द्यावे, असे ठरले. नियम ५ च्या पोटनियम ५ अन्वये असा भरणा किंवा तारण न दिल्यास न्यायालयाने स्थगिती देऊ नये, असे सांगितले. सिहोर नगरपालिकेच्या प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने या दोन तरतुदी एकत्र वाचल्या. भरणा की तारण, हे ठरविण्याचा विवेकाधिकार न्यायालयाचा असला तरी तो न्यायिक पद्धतीने वापरला पाहिजे, असे त्याने म्हटले.

या दुरुस्तीच्या वेळी नियम ८-क ला हात लावण्यात आला नाही. त्यामुळे एक भाषिक प्रश्न निर्माण झाला. नियम ८-क म्हणतो की, नियम ५ व ६ मध्ये उल्लेखिलेले ‘असे’ तारण सरकारकडून मागू नये. त्यात नियम १ चा उल्लेख नाही, आणि रकमेच्या भरण्याचाही नाही. तारण आणि भरणा या दोन भिन्न वस्तू आहेत. १९७६ च्या विधिकर्त्यांनी ‘भरणा किंवा तारण’ असा विकल्प लिहून तो भेद स्वतःच मान्य केला आहे. मग सरकारला सूट आहे ती केवळ तारणापुरती, भरण्यापुरती नव्हे, असे म्हणता येते. याच्या उलट असेही म्हणता येते की, स्थगिती नाकारण्याचा आदेश नियम ५ मध्येच आहे आणि नियम ५ च्या अटींतून सरकारला मोकळे केलेले आहे. तेव्हा जे तारणास लागू तेच त्याच्या पर्यायासही लागू मानावे. पहिले वाचन शब्दांशी प्रामाणिक आहे, दुसरे नियमाच्या जुन्या हेतूशी. सर्वनामवाचक एका विशेषणावर लाखो रुपयांचे भवितव्य टांगलेले असावे, हे कायद्याच्या भाषेचे सामर्थ्य म्हणावे की दौर्बल्य, हा प्रश्न वेगळा. परंतु पहिले वाचन स्वीकारल्यास न्यायालयास सरकारचा मान आणि हुकूमनामाधारकाचा हक्क हे दोन्ही राखता येतात, हे मान्य करावे लागते. भूसंपादनाच्या अपिलांत वाढीव रक्कम न्यायालयात भरण्याच्या अटीवर स्थगिती देण्याची प्रथा या वाचनाशी सुसंगत आहे.

७. लवादाचे निर्णय आणि ‘योग्य विचार’

या शतकात हा वाद दिवाणी न्यायालयातून लवादाच्या क्षेत्रात सरकला. १९९६ च्या लवाद व समझोता अधिनियमाखाली निर्णयास आव्हान दिले की त्याची बजावणी आपोआप थांबते, असे पुष्कळ काळ मानले जात होते. २०१५ च्या दुरुस्तीने कलम ३६ बदलले. केवळ आव्हानाने बजावणी थांबणार नाही, स्थगितीसाठी वेगळा आदेश लागेल, आणि तो देताना पैशाच्या हुकूमनाम्याच्या स्थगितीविषयीच्या दिवाणी संहितेतील तरतुदींचा योग्य विचार करावा, असे ठरले.

पश्चिम बंगाल सरकारविरुद्ध पॅम डेव्हलपमेंट्स या कंत्राटदार कंपनीस लवादाचा निर्णय मिळाला होता. सरकारने नियम ८-क कडे बोट दाखवून बिनशर्त स्थगिती मागितली आणि कलकत्ता उच्च न्यायालयाने ती दिली. सर्वोच्च न्यायालयाने १२ जुलै २०१९ रोजी ती रद्द केली. निर्णयाचा गाभा पुन्हा शब्दार्थाचा होता. एखाद्या तरतुदीचा ‘योग्य विचार’ करणे म्हणजे ती जशीच्या तशी लागू करणे नव्हे. संहिता येथे मार्गदर्शक आहे, बंधनकारक नव्हे. लवादाचा कायदा हा स्वयंपूर्ण असून त्यात सरकारला वेगळी वागणूक देणारी तरतूद नाही. सबब सरकारनेही इतर पक्षकारांप्रमाणेच वागले पाहिजे. नियम ८-क चे मूळ ब्रिटिश राजवटीत आहे, याकडेही न्यायालयाने लक्ष वेधले.

याच काळात शासनाने स्वतः केलेली एक व्यवस्था येथे नोंदली पाहिजे. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने असे ठरविले की, लवादाच्या निर्णयास सरकारी खात्याने आव्हान दिले असल्यास निर्णयाच्या रकमेपैकी ७५ टक्के रक्कम कंत्राटदारास बँक हमीच्या बदल्यात द्यावी. २०२१ साली सामान्य वित्तीय नियमांत नियम २२७-अ म्हणून ही व्यवस्था समाविष्ट झाली. ही व्यवस्था विलंबावर उपाय म्हणून स्वागतार्ह होती, यात शंका नाही. परंतु तिची रचना पाहण्यासारखी आहे. हरलेल्या सरकारने तारण द्यावयाचे नाही, उलट जिंकलेल्या कंत्राटदाराने आपलेच पैसे घेण्यासाठी बँकेस जामीन म्हणून उभे करावयाचे. निकाल फिरल्यास पैसे परत मिळावेत ही सरकारची चिंता रास्त आहे, आदेश ४१ च्या नियम ६ मागेही तीच आहे. तथापि परस्परतेचे जे सूत्र याज्ञवल्क्याने उभयतांचा प्रतिभू या कल्पनेत मांडले, त्याची येथे केवळ एकच बाजू शिल्लक राहिलेली दिसते.

८. समारोप

या इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, तारणाची सूट ही सार्वभौमत्वाचे अंगभूत लक्षण नसून प्रक्रिया संहितेतील एक मर्यादित तरतूद आहे. १८८२ पासून आजवर तिचे शब्द अत्यंत अल्प राहिले, वाढला तो तिच्याविषयीचा समज. दुसरा असा की, तिला आधार देणाऱ्या तीन कारणांपैकी प्रतिष्ठेचे कारण प्रजासत्ताकात टिकत नाही. विद्यावतीच्या खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने राजसत्तेच्या जुन्या मुक्ततेस नव्या राज्यव्यवस्थेत आधार उरला नसल्याचे म्हटले. १९६७ साली कलकत्ता महापालिकेच्या प्रकरणात, कायदा राजास बांधीत नाही हा इंग्लिश दंडक भारतात लागू नाही असे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ठरविले. सोयीचे कारण अर्धे खरे आहे. पतीचे कारण मात्र पूर्णपणे खरे आहे, आणि संविधानाने ते अधिक बळकट केले आहे.

म्हणूनच सरकारने प्रत्येक अपिलात जामीन शोधीत फिरावे, असे म्हणण्यात अर्थ नाही. ज्याची पत निर्विवाद आहे त्याच्याकडून पतीची हमी मागणे हा केवळ उपचार ठरेल. मागावयाचे ते वेगळेच आहे. सरकार पैसे बुडवील ही भीती नसून सरकार पैसे अडवील ही भीती आहे, आणि तिच्यावर तारण हा उपाय नव्हे, भरणा हा उपाय होय. रक्कम न्यायालयात जमा झाली, आणि योग्य त्या अटींवर तिचा काही भाग हुकूमनामाधारकास मिळाला, तर नियम ८-क च्या एकाही शब्दाचा भंग न होता त्याच्यामुळे निर्माण झालेला अन्याय पुष्कळ अंशी दूर होतो. जामीन माणूस असतो, तारण वस्तू असते, आणि भरणा म्हणजे प्रत्यक्ष पैसा. मराठीने हे तीन शब्द वेगळे ठेवले आहेत. कायद्याच्या वाचकांनीही ते वेगळे ठेवले, तर धरणाच्या पाण्यात जमीन गेलेल्या माणसास आपल्या हयातीत निकालाचे फळ पाहावयास मिळण्याचा संभव वाढेल.